'तडीपार'नंतरचा 'इन्सान'

पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला अल्ताफ शेख, म्हणजेच रॅपर एम. सी. स्टॅन. त्याचा 'तडीपार' हा अल्बम २०२० साली आला, त्यापाठोपाठ २०२२ साली 'इन्सान'. 'तडीपार' हा शब्द मुंब्रा, भिवंडी किंवा कल्याणच्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. पोलीस कायद्यानुसार माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येते. पोलिसी कागदावरचा हा शब्द या पोराने बिरुदासारखा मिरवला. दुसऱ्या अल्बमला मात्र त्याने असे नाव दिले, जे कोणत्याही नोटिशीत येत नाही. म्हणूनच आम्हाला या अल्बमकडून अपेक्षा होती.

त्यावर चर्चा झाली ती भलतीच. राबोडी-कौशातल्या बुजुर्गांनी शिव्या मोजल्या, पोरांनी गळ्यातली साखळी मोजली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो 'बिग बॉस' जिंकला, तेव्हा तर गाण्यांपेक्षा बुटांच्या किमतीवरच जास्त बोलले गेले. जाणकारांचा आक्षेप ऑटोट्यूनवर, म्हणजे यंत्राने वळवलेल्या आवाजावर. हा आक्षेप आम्हाला पटत नाही. लहानपणी कव्वाली गायलेला हा गळा आहे. शब्द थिटा पडला की कव्वाल तानेकडे वळतो, हा यंत्राकडे वळतो, इतकेच.

मराठी समीक्षकांना ही भाषा आपली वाटली नाही. वस्तुतः त्याच्या 'शाना बन' या गाण्यातला 'शाना' आपल्याच 'शहाण्या'चा भाऊ आहे! १९७२ साली 'गोलपिठा' आला, तेव्हा त्यातले कितीतरी शब्द विजय तेंडुलकरांना ठाऊक नव्हते. ते ढसाळांबरोबर ती वस्ती फिरले आणि मग प्रस्तावना लिहिली. एवढी पायपीट आज कोण करतो? रॅप कान देऊन ऐकणारे आमच्या जिल्ह्यात बहुधा पोलीसच. २०२३ साली राज मुंगासे या मराठी रॅपरच्या राजकीय गाण्यावर अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला होता.

पण पायपीट करूनही आमची एक तक्रार उरतेच. 'गोलपिठा'नंतर १९७५ साली ढसाळांचा 'मूर्ख म्हाताऱ्याने डोंगर हलवले' आला. त्यात गल्लीतला संताप देशाच्या राजकारणापर्यंत पोचला होता. स्टॅनचा संताप दुसऱ्या अल्बमात उलट आकसला आहे. जळणारे, मागून बोलणारे, पैसा आल्यावर जवळ आलेले, एवढ्यांतच तो फिरतो. वस्ती मागे राहते, आणि 'इन्सान' म्हणजे शेवटी तो एकटाच. बाई तर बेवफा तरी असते, नाहीतर शोभेची. अरबी-उर्दूत 'इन्सान' म्हटले की त्यात मर्द आला आणि औरतही आली. ताडीवाला रोडवर पाण्यासाठी रांगेत उभी राहणारी आई-बहीण या शब्दात बसते, या अल्बमात तिला जागा सापडत नाही.