साडेअठ्ठ्याण्णव टक्क्यांचा हिशेब

झिरो बजेट शेतीच्या मांडणीत सुभाष पाळेकर सांगतात : पीक ९८.५ टक्के अन्न हवा-पाण्यातून घेते, जमिनीतून दीडच. सुक्या वजनापुरते हे फारसे चूक नाही. कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन हेच सुमारे ९५ टक्के भरतात. पण म्हणून खत नको? हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही गव्हाला तो थेट घेता येत नाही. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ पासून एका पट्ट्यात बिनखताचा गहू घेतात. हेक्टरी जेमतेम टनभर येतो. शेजारच्या शेणखताच्या पट्ट्याने अनेक दशके रासायनिक खताची बरोबरी केली, पण वर्षाला हेक्टरी ३५ टन शेणखत खाऊन! जीवामृतात एका वेळी एकरी शेण १० किलो. ते खत नव्हे, विरजण आहे, असे पाळेकरांचे म्हणणे. ठीक, मग बिनविरजणाचा पट्टा शेजारी राखून दोन्हींची मापे दाखवावीत.