संत्र्यांच्या साली आणि तेराव्याचे जेवण

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) या कादंबरीविषयी लिहिताना समीक्षक बहुधा खाडीपलीकडच्या हिरव्या दिव्यापाशी रेंगाळतात. माझे लक्ष मात्र फळांवर खिळले. दर शुक्रवारी गॅट्सबीच्या प्रासादात संत्र्या-लिंबांच्या पेट्या येतात आणि सोमवारी पिळून काढलेल्या फोडींचा ढीग मागील दारी पडतो. मेजवान्यांना शेकडो माणसे लोटतात. कित्येकांना निमंत्रणही नसते. पुढे यजमानाचा खून होतो, तेव्हा भर पावसात दफनाला बोटांवर मोजण्याइतकेच लोक. त्याच घरी मुक्काम ठोकून राहिलेला एक पाहुणा फोन करतो, तो विसरलेले बूट मागवण्यासाठी!

राखेच्या मैदानावरील जाहिरातीतले चष्मेवाले डोळे म्हणजे परमेश्वराचे प्रतीक, हा अर्थ आपल्या वाचकांना सहज रुचेल. मला तो पुरता पटत नाही. पत्नीच्या मृत्यूने भान हरपलेला विल्सन त्यांना देवाचे डोळे समजतो. शेजारी लगेच सांगतो, ती जाहिरात आहे. देवाच्या जागी पाटी उरली, हे लेखकाचे शल्य आहे. फिट्झजेराल्ड स्वतः कॅथलिक घरात जन्मले. १९४० साली ते निवर्तले, तेव्हा धर्माचरण सुटल्याच्या कारणावरून कॅथलिक दफनभूमीत त्यांना जागा नाकारण्यात आली. ती लाभली १९७५ मध्ये.

मैंदर्गीत बसून वाचताना गॅट्सबीचे एकाकी दफन मात्र परके वाटते. इकडे मयताला गाव लोटते, आणि गावासाठीच खर्च होतो. म्हणून महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे १९८५ मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक मला अधिक जवळचे. देशपांड्यांच्या वाड्यात पैसा उरलेला नाही, अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे. तरी वडिलांच्या तेराव्याला गावजेवण हवेच. लग्नाचे कर्ज फिटण्याआधी थोरल्या मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद येऊन ठेपतो, अशी घरे आपल्या धर्मग्रामांतही आहेतच.

गॅट्सबीच्या उंची शर्टांत तोंड खुपसून डेझी रडते, तो प्रसंग विख्यात आहे. वहिनी रात्री पिढीजात दागिने अंगावर चढवते, ते दृश्य मला त्याहून सरस वाटते. शर्ट विकत आणलेले. सोने वारशाचे, म्हणून ते मोडवत नाही. पुढे तेच सोने घेऊन रंजू शिकवणीच्या मास्तरांबरोबर मुंबईला पळून जाते. रंजू परत येते. सोने येत नाही.