खोऱ्याचे नाव आणि खोऱ्यातली माणसे

काही प्रवासग्रंथ असे असतात की, ते वाचून माणूस घराबाहेर पडतो. आणि थोडे असेही असतात की, घरी परतल्यावर ते पुन्हा उघडून पाहावे लागतात. फ्रँक स्माइथ ह्या इंग्रज गिर्यारोहकाचे ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ (१९३८) हे पुस्तक माझ्या बाबतीत दोन्ही प्रकारांत मोडते. पहिल्या वाचनात त्याने मला मोहविले. दुसऱ्या वाचनात अस्वस्थ केले. ह्या अस्वस्थतेचे कारण वाचकांपुढे मांडावे, एवढाच ह्या टिपणाचा हेतू आहे.

ग्रंथाची पूर्वपीठिका अशी : १९३१ साली कामेट हे ७,७५६ मीटर उंचीचे शिखर सर करून परतताना स्माइथ व त्याचे सोबती गढवालमधील भ्युंडार खोऱ्यात उतरले. वर धुके आणि पाऊस, आणि पायाखाली मात्र फुलेच फुले. त्यांनी त्या जागेला ‘फुलांची दरी’ म्हटले. १९३७ साली स्माइथ दार्जिलिंगचे चार हमाल घेऊन मुद्दाम तेथे परत आला, आणि त्या पावसाळ्यातील मुक्कामातून हे पुस्तक सिद्ध झाले.

त्याचे गुण निःसंशय मोठे आहेत. स्माइथ एव्हरेस्टच्या मोहिमांतून तावून निघालेला माणूस. परंतु येथे तो विजयाची भाषा बाजूला ठेवतो. रोपे गोळा करावीत, बी राखावे, ओल्या हवेत पाने दाबून वाळवावीत, अशी संथ आणि चिकाटीची कामे तो प्रेमाने करतो. शिखरे तो ह्याही वेळी चढतो. तथापि वाचकाच्या मनात राहते ते तंबूच्या दाराशी बसून फुलाकडे पाहणे. वांग्दी नोर्बू आदी सोबत्यांविषयीचा त्याचा जिव्हाळाही खोटा नाही. निसर्गवर्णन म्हणजे उपमांचा सडा, अशी समजूत असलेल्या आपल्याकडील अनेक प्रवासलेखकांनी ही नेमकी, निरलंकार दृष्टी त्याच्यापासून अवश्य घ्यावी.

मग उणे कोठे आहे? पुस्तक मिटल्यावर वांग्दी आठवतो. भ्युंडारचा गावकरी आठवत नाही. बरोबर आणलेल्या माणसांना चेहरे मिळाले. ज्यांचे ते खोरे होते ते मात्र दृश्याच्या कडेला राहिले. खोऱ्याला ‘भ्युंडार’ हे नाव होतेच. पण सुंदर शीर्षकाची सत्ता मोठी असते. कारकुनी पेशामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : फाइलीवर एकदा जे नाव चढते तेच पुढे सर्वत्र चालते, मग मूळ अर्जदार काहीही सांगत राहो. येथे तेच झाले. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, ते ‘फूलों की घाटी’ ह्याच नावाने. २००५ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. ८७.५ चौरस किलोमीटरच्या त्या प्रदेशात आता गुरे-मेंढ्या चारता येत नाहीत, आणि पाहुण्यालाही दिवस मावळण्यापूर्वी परतावे लागते. फुले राखण्याचा हेतू स्तुत्यच आहे. चराई थांबल्यामुळेच तेथे पॉलिगोनम ही दांडगी वनस्पती माजली की काय, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत आणि तो निवाडा माझा नव्हे. पण ज्या कुरणाचे धनी पुस्तकात ठळकपणे दिसत नाहीत, ते कुरण कागदावर मोकळे ठरणे सोपे जाते, एवढे मात्र साहित्याच्या वाचकाने ओळखले पाहिजे.

येथे एक तुलना सुचते. काका कालेलकर साताऱ्यात जन्मले, पण १९१२ मधील आपल्या हिमालययात्रेवरचा ग्रंथ त्यांनी गुजरातीत लिहिला. त्यांची वाट तीर्थांची. यात्रेकरू एखाद्या स्थळी जातो तो त्याचे नाव घेण्यासाठी. शोधक जातो तो नाव देण्यासाठी. यात्रेकरूच्या दृष्टीलाही तिच्या मर्यादा आहेत. तथापि आपल्या आधी येथे कोणी होते, ही जाणीव तिच्यात उपजतच असते. परप्रांतात राहून मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना तरी ती परकी वाटू नये.

हे सारे मी स्माइथच्या पदरात टाकून मोकळा होणार होतो. पण ते न्याय्य नव्हे. रजा-प्रवास सवलतीवर मी गोविंदघाटाहून घांगरियापर्यंत चढलो, तेव्हा पाठीवर कंडी घेतलेला भ्युंडारचाच एक माणूस माझ्यापुढे चालत होता. २०१३ च्या पुराने त्याच्या गावाची केलेली दैना त्याने वाटेत बोटाने दाखविली. दुसऱ्या दिवशी दरीत शिरताना तो म्हणाला, “बाबूजी, हमारे पिताजी की भेड़ें यहीं चरती थीं।” मी मान हलविली आणि पुन्हा फुलांकडे वळलो. आत १९३९ साली तेथेच कडा घसरून मृत्यू पावलेल्या जोन मार्गारेट लेग ह्या वनस्पतिसंशोधिकेची समाधी आहे. तिच्या दगडावरचे नाव मी वहीत नीट उतरून घेतले.

परत आल्यावर वही चाळली. फुलांची नावे होती, शिखरांची होती, त्या दगडावरचेही होते. कंडीवाल्याचे नाव नव्हते. मी ते विचारलेच नव्हते. आणि पहिल्याच पानावर माझ्या हस्ताक्षरात लिहिले होते : ‘निर्जन खोरे.’