दारची कुंडी व हेंप कमिशनची साक्ष

वर्धा जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाची चर्चा निघाली असतां एक विधान अलीकडे वारंवार कानीं येतें. तें असें कीं, इंग्रजी अबकारी कायदे लागू होण्यापूर्वीं या भागांत गांज्याचें झाड तुळशीच्या जोडीनें दारोदार कुंडींत किंवा परसांत बियांपासून वाढविलें जात असे. पुढें सरकारनें महसुलाच्या लोभानें तें उपटून टाकलें. यास पुरावा म्हणून सन १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनच्या अहवालाकडे बोट दाखविण्यांत येतें. विधान ऐकण्यास गोड आहे, आणि तें सर्वथैव खोटें आहे असेंहि आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या अहवालाच्या आधारावर तें उभें केलें जातें, तो अहवाल वर्धेविषयीं एवढें सांगण्यास समर्थ आहे काय, याचा विचार केलेला आमच्या पाहण्यांत नाहीं. तो येथें थोडक्यांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम अहवालाची योग्यता सांगितली पाहिजे. मार्च १८९३ मध्यें केन यांनीं विलायतेच्या पार्लमेंटांत प्रश्न केला. त्यावरून जुलै महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें हें कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. सभासदांत मुंबई इलाख्यांतील अधिकारी ओमनी, मध्यप्रांतांतील फ्रेझर, कलकत्त्याचे रसायनज्ञ डॉ. वॉर्डन, आणि राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग व लाला निहालचंद हे तीन एतद्देशीय गृहस्थ होते. एकूण ११९३ साक्षी घेण्यांत आल्या, आणि अहवाल व पुरावा मिळून सात खंड छापण्यांत आले. बेताच्या सेवनानें विशेष अपाय होत नाहीं, सबब सर्वस्वी बंदी करूं नये, परवाने व कर यांच्या योगें नियंत्रण ठेवावें, असा बहुमताचा निर्णय झाला. शशिशेखरेश्वर राय व निहालचंद या दोघांनीं आपलीं भिन्न मतें स्वतंत्रपणें नोंदविलीं.

या अहवालाचा एक भाग तर इतिहाससंशोधकानें धड्यासारखा वाचावा असा आहे. गांज्यानें वेड लागतें, ही समजूत त्या काळीं वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदवह्यांवर आधारलेली होती. कमिशननें सन १८९२ मधील अशा नोंदी एकेक करून तपासल्या. कारणाच्या रकान्यांत 'गांजा-भांग' असें लिहिलेल्या २२२ रोग्यांपैकीं, चौकशीअंतीं, केवळ या व्यसनाकडे कारण लावतां येईल असे ६१ व इतर कारणांच्या जोडीनें लावतां येईल असे ३७, मिळून ९८ उरले. रोग्याबरोबर आलेल्या पोलिसी कागदांत जें लिहिलेलें असे तेंच पुष्कळदां वहींत उतरत गेलें होतें. नोंद आहे एवढ्यावरून ती खरी मानूं नये, ती कोणीं, कशासाठीं व कोणत्या माहितीवरून केली हें आधीं विचारावें, हा आपल्या शास्त्राचा पहिला नियम या सरकारी मंडळानें येथें उत्तम रीतीनें पाळला. तोच नियम आतां त्याच्या अहवालास लावावयाचा.

तो लावतां पहिली गोष्ट दिसते ती ही कीं, अहवालाची दृष्टि महसुलाची आहे. हेंपचें झाड कोठें आपोआप उगवतें आणि कोठें लागवडीनें येतें, हे त्यांतील दोन मोठे कप्पे होत. घराभोवतीं दोनचार झाडें लावल्याचे उल्लेख निरनिराळ्या प्रांतांच्या संदर्भांत येतात. पण त्या झाडांस परवाना आहे किंवा नाहीं, आणि त्यांच्यामुळें सरकारी माल कमी खपतो काय, एवढ्याच अंगानें त्यांकडे मुख्यतः पाहिलेलें आहे. तें झाड कोणीं लावलें, बी कोठून आणलें, पाला कोणीं व कशासाठीं खुडला, हे प्रश्न विचारणाऱ्याच्या मनांतच नव्हते. कुंडीला तर या वर्गीकरणांत जागाच नाहीं. वास्तविक उकिरड्यावर उगवलेलें रोप आपोआपचें कीं लावलेलें असा वाद होऊं शकतो, परंतु कुंडींतील रोपामागें मनुष्याचा हात आहे याविषयीं वाद होऊं शकत नाहीं. जो पुरावा सर्वांत निःसंदिग्ध ठरला असता, त्याचीच स्वतंत्र चौकशी झाली नाहीं. अशा दप्तराच्या मौनावरून 'होतें' असें म्हणतां येत नाहीं, आणि 'नव्हतें' असेंहि म्हणतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट स्थळाची. बंगाल किंवा मद्रास इलाख्यांतील परसांविषयीं जें लिहिलें आहे, तें उचलून वर्धेच्या परसास लावण्याचा प्रघात पडला आहे. हा दोष मोठा आहे. हिमालयाच्या पायथ्यालगतच्या पट्ट्यांत हें झाड रानोमाळ आपोआप माजतें; दख्खनच्या पठारावर तसें होत नाहीं. येथें तें दिसलें तर कोणीतरी बी टाकल्यामुळें किंवा सांडल्यामुळेंच दिसावयाचें. शिवाय वर्धा हा १८६२ मध्यें नागपुराहून वेगळा काढलेला मध्यप्रांतांतील जिल्हा होता. त्या प्रांतांत परवानगीची लागवड निमाड जिल्ह्यांतील खांडवा तहशिलीपुरती मर्यादित करण्यांत आली होती. नदीपलीकडचा वऱ्हाड मात्र त्या वेळीं हैदराबादेकडून घेतलेला मुलूख म्हणून निराळ्या कारभाराखालीं होता, आणि १९०३ मध्यें मध्यप्रांतास जोडला गेला. त्यामुळें कमिशनच्या पुराव्यांतहि मध्यप्रांत व वऱ्हाड हे निरनिराळ्या शीर्षकांखालीं पडले आहेत. पुलगांवचा मनुष्य व धामणगांवचा मनुष्य यांच्यामध्यें एक नदी असली, तरी बाजार, सोयरीक व बोली यांत ती आड येत नव्हती. वर्धेचा इतिहास लिहिणारानें एकच शीर्षक वाचून भागावयाचें नाहीं.

तिसरी व आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची गोष्ट झाडाची स्वतःची. कागद अपुरे असतां वस्तूचा स्वभाव हाहि एक साक्षीदार असतो, आणि त्यास लांच देतां येत नाहीं. कमिशननें आपल्या प्रश्नावलींत डॉ. प्रेन यांच्या व्याख्या घेतल्या होत्या. त्यांप्रमाणें भांग म्हणजे झाडाचा वाळलेला पाला, मग तें झाड नर असो वा मादी, लावलेलें असो वा रानटी. आणि गांजा म्हणजे लागवडीच्या मादी झाडाचे, मोकळेपणीं बी धरतां न आल्यामुळें राळेनें माखलेले, वाळविलेले मोहराचे शेंडे. या दोन व्याख्या समोर ठेवून कुंडीचा विचार करावा.

हें झाड वर्षायु आहे. तुळस दोनतीन वर्षें दारांत राहते. हें पावसाच्या आरंभीं पेरलें तर दिवस लहान होऊं लागल्यावर मोहरतें आणि हिंवाळ्यांत मरतें. दिवसाच्या लांबीचा व मोहराचा हा संबंध टूर्न्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९१२ च्या सुमारास याच झाडावर व हॉपच्या वेलावर प्रयोग करून प्रथम दाखविला. म्हणजे कुंडी पिढ्यान् पिढ्या टिकली असें म्हणावयाचें, तर दरसाल नवें बी पाहिजे; कारण साध्या साठवणींत हें बी फार वर्षें जगत नाहीं. आतां बियांपासून वाढलेल्या रोपांत साधारण निम्मे नर व निम्मे मादी निघतात, आणि कोणतें काय हें मोहर दिसेपर्यंत खात्रीनें सांगतां येत नाहीं. नर राहूं दिले तर पराग वाऱ्यावर उडून मादी झाडें बी धरतात व गांजा बिघडतो. नर उपटले तर गांजा साधतो, पण पुढील सालास बी राहत नाहीं. उभयलिंगी फुलें क्वचित् येतात, परंतु अपवादावर घरोघरची चाल उभी राहत नाहीं. बंगालमध्यें राजशाहीकडील नवगांवच्या मळ्यांत नर ओळखून उपटण्यासाठीं वाकबगार माणसें मजुरीनें लावीत, यावरून हें काम किती जोखमीचें होतें तें कळतें.

यावरून निघणारें अनुमान सरळ आहे. चांगला गांजा आणि पुढील सालचें बी हीं दोन्हीं एका कुंडींतून निघत नाहींत. ज्या घरीं दरसाल बी पेरून झाड वाढविलें जाई, तेथें एक तर बी विकत घेतलेल्या मालांतून येत असलें पाहिजे. म्हणजे ती कुंडी शेताची व दुकानाची आश्रित होती, त्यांची प्रतिस्पर्धी नव्हे. नाहींतर नर-मादी दोन्हीं राहूं देऊन घरचेंच बी धरलें जात असलें पाहिजे. म्हणजे तेथें मुख्यतः पाला, अर्थात् भांग, मिळत होती. तात्पर्य, 'दारोदार गांजा होता' हें विधान जसेंच्या तसें घेतां येत नाहीं. 'कांहीं दारीं भांगेचें झाड असावें' एवढें मात्र संभवनीय ठरतें. शिवरात्रीस व होळीस भांग घेण्याची चाल, औषधांत पाल्याचा उपयोग, आणि गुरांना पोटाच्या तक्रारीवर तो चारण्याची रीत लक्षांत घेतां हें अनुमान लोकव्यवहाराशींहि जुळतें.

येथें कोणी प्राचीनतेचा आधार पुढें करील. अथर्ववेदांत भंगेचा उल्लेख आहे, आणि गार्सिया द ओर्ता यानें १५६३ मध्यें गोव्यास छापलेल्या आपल्या संवादग्रंथांत 'बंग' या द्रव्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु द्रव्य प्राचीन आहे एवढ्यानें कुंडी प्राचीन ठरत नाहीं. त्यांतहि वर्धेची काळी माती कुंडीस स्वभावतः प्रतिकूल आहे. पावसांत ती फुगून पाणी धरते, उन्हांत विटेसारखी आवळते. आणि या झाडाच्या मुळांस साचलेलें पाणी मानवत नाहीं. कुंडीच्या बुडास भोंक पाडून, काळींत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळून ती भुसभुशीत करणाराच तें वाढवूं शकेल. परसाच्या निचऱ्याच्या कोपऱ्यांत, उकिरड्याच्या कडेस, तेंच झाड अल्प श्रमानें येतें. म्हणून 'कुंडींत' हा शब्द जेथें ऐकूं येईल तेथें तो जुन्या काळचा कीं आजच्या शहरी सवयीनें मागाहून घातलेला, हें विचारून घ्यावें.

तोंडी साक्षी घेणारांस आणखी एक इशारा. 'नर' व 'मादी' हे शब्द शेतकरी नेहमीं वनस्पतिशास्त्राच्या अर्थानेंच वापरील असें नाहीं. इंग्लंडांतील शेतकरी बी धरणाऱ्या दांडग्या झाडास पुरुषवाचक 'कार्ल' व आधीं सुकणाऱ्या नरास स्त्रीवाचक 'फिंबल' म्हणत. दांडगें तें नर, नाजूक तें मादी, एवढाच त्यांचा हिशेब. आपल्याकडील वृद्धानें "नर काढून टाकीत असूं" असें सांगितलें, तर त्यानें काढलें तें कोणतें झाड, त्याला बी होतें कीं नव्हतें, हें विचारल्यावांचून ती साक्ष निरुपयोगी होय.

एवढा काथ्याकूट कशासाठीं, असें वाचक विचारतील. कारण हा प्रश्न केवळ दप्तराचा राहिलेला नाहीं. सन १९८५ च्या मादक द्रव्यांच्या कायद्यांत गांज्याची व्याख्या मोहराच्या व फळांच्या शेंड्यांपुरती आहे; शेंड्यांवांचून असलेलीं पानें व बी तींतून वगळलीं आहेत. परंतु झाडाची लागवड मात्र, परवान्यावांचून, सर्वस्वी निषिद्ध असून तीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. कायद्यानें जो पाला गांजा नव्हे, त्याचें झाड कुंडींत लावणेंहि गुन्हाच होय. या निर्बंधाच्या बाजूनें व विरुद्ध बोलणारे दोघेहि इतिहासास साक्षीस बोलावतात. वर्धेच्या बाबतींत तर दोन्हीं बाजूंस विशेष मोह आहे. सेवाग्रामचा आश्रम १९३६ पासून या जिल्ह्यांत आहे आणि १९७४ पासून येथें दारूबंदी आहे. म्हणून एक पक्ष येथील गतकाळ मुळींच निर्व्यसनी होता असें भासवितो, तर दुसरा त्याच्या उलट दारोदार गांजा डोलत होता असें सांगतो. दोघांच्याहि हातीं वर्धेचा कागद नाहीं. ज्याच्या परसांतील एका झाडावरून उद्यां खटला उभा राहील, त्या गरिबाचें या कल्पित इतिहासानें कांहींच भलें होत नाहीं. कायदा बदलावा कीं न बदलावा हें ठरविण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु त्या वादांत खोटें नाणें चालूं न देणें हें मात्र आमचें काम आहे.

तेव्हां करावयाचें काय? मध्यप्रांत व वऱ्हाड या दोन्हीं शीर्षकांखालील साक्षी वर्धा, आर्वी व हिंगणघाट या जुन्या तहशिलींच्या दृष्टीनें एकत्र वाचाव्या. मालगुजारीच्या काळचे बंदोबस्ताचे कागद व गांवोगांवचे वाजिब-उल्-अर्ज तपासावे. १९१५ च्या मध्यप्रांत अबकारी कायद्याखालील जुने निवाडे कोर्टांच्या दप्तरांत राहिले असतील तर त्यांत किती झाडें, कोठें लावलेलीं व कोणत्या अवस्थेंत सांपडलीं, हें टिपावें. कारण पंचनामा लिहिणारास, कमिशनला सुचली नाहीं ती कुंडी, नाइलाजानें लिहावी लागते. आणि ज्यांनीं आपल्या आजोबांच्या परसांत तें झाड पाहिलें असेल अशा वृद्धांच्या आठवणी, नांवें प्रसिद्ध न करितां, पण महिना, जागा, बी व उपयोग यांच्या तपशिलासह उतरून घ्याव्या. असा एखादा कागद किंवा अशी एखादी बारकाईनें घेतलेली आठवण ज्यांच्या संग्रहीं असेल, त्यांनीं ती मंडळाकडे धाडावी. तिनें आमचें वरील अनुमान खोटें पडलें, तरी तें आम्ही याच पानांवर आनंदानें छापूं.