मराठी कर्जकथा आणि नादारीचा कायदा : एक समीक्षा

कर्ज हा मराठी ग्रामीण साहित्याचा जुना आणि जवळचा विषय आहे. सावकार, खत, गहाण, जप्ती, लिलाव या शब्दांवाचून आपली ग्रामीण कथा-कादंबरी क्वचितच पूर्ण होते. या साहित्याची समीक्षा बहुधा शोषण, दारिद्र्य आणि बोली या तीन अंगांनी झालेली आहे. प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. या कथांमधून कर्जबाजारी माणसाच्या सुटकेचे जे मार्ग दिसतात, त्यांत न्यायालयाकडे अर्ज करून स्वतःस नादार ठरवून घेण्याचा कायदेशीर मार्ग का दिसत नाही? दिग्रससारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावी बसून हा प्रश्न विचारला, की तो केवळ वाङ्मयीन राहत नाही. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. आणि त्यानंतरही या जिल्ह्याचे नाव त्या यादीतून पुसले गेलेले नाही.

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे होईल. मराठीत या अवस्थेसाठी दोन शब्द आहेत : दिवाळे आणि नादारी. दिवसा दिवा लावून पेढी बसल्याचे जाहीर करण्याची व्यापाऱ्यांची जुनी चाल दिवाळे या शब्दामागे असल्याचे सांगितले जाते. हा शब्द बाजारातला, चारचौघांत नाक कापले गेल्याचा आहे. 'दिवाळखोर' तर उघड शिवीच झाली. नादार हा शब्द फारसीतून आला. ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. जुन्या पिढीतील प्राध्यापकांना याच शब्दाचा आणखी एक अर्थ आठवेल. गरीब विद्यार्थ्याला शाळेची फी माफ होई, तिला 'नादारी मिळाली' असे म्हणत. ती मिळवण्यासाठी अर्ज करावा लागे, आणि ती मिळालेला मुलगा पुढे शिकून मोठा झाला, की आत्मचरित्रात तिचा उल्लेख अभिमानाने करी. म्हणजे नादारी ही पात्र माणसाने मागून घेण्याची सवलत आहे, ही जाणीव आपल्या भाषेत होतीच. शाळेच्या फीपुरती ती राहिली. कर्जापर्यंत पोचली नाही.

का पोचली नाही, याचे एक उत्तर आपल्या परंपरेत सापडते. तुकोबांचा वाण्याचा व्यवहार दुष्काळात बसला. आणि परंपरा सांगते, की पुढे त्यांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली. मराठी मनात कर्जमुक्तीचे याहून थोर चित्र नाही. परंतु या चित्रात ऋणकोची सुटका धनकोच्या वैराग्यामुळे होते. देणेकऱ्याने तेथे काही करावयाचे नसते. ज्याचा सावकार तुकाराम नाही, त्याने काय करावे, हे ती कथा सांगत नाही. तो तिचा विषयही नव्हे.

जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पूर्ण झाला. सावकार, कुळकर्णी, वकील आणि कोर्टकचेरी यांच्या संगनमताने शेतकरी कसा नागवला जातो, याचे त्यातील वर्णन आजही ताजे वाटते. त्याआधी चारच वर्षे, १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर, १८७९ चा डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा झाला होता. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास कैदेत टाकण्यास त्याने मनाई केली, आणि शेतकऱ्यांच्या नादारीचे स्वतंत्र प्रकरणही त्यात होते. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखालील न्यायाधीश म्हणून काम केले. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी आखलेला हा कायदा वऱ्हाडापर्यंत आला नव्हता. फुल्यांच्या दृष्टीने न्यायालय हा लुटीच्याच यंत्रणेचा भाग होता, आणि त्यांच्या अनुभवास ते धरून होते. तथापि या ग्रंथाचा एक परिणाम असा झाला, की पुढील ग्रामीण साहित्यात कोर्टाची पायरी ही सर्वनाशाचीच पायरी ठरली. ते चित्र पुन्हा तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटात जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. येथे पळून जाणे हीच सुटका. गंमत अशी, की प्रांतिक नादारी अधिनियम या चित्रपटाच्या पाच वर्षे आधी, १९२० साली, अस्तित्वात आला होता.

सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास' (२००२) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीचा नायक एकनाथ हा एम. ए., बी. एड. झालेला, नोकरी न मिळालेला शेतकऱ्याचा मुलगा आहे. सावकारी पाशातील शेतकरी निरक्षर म्हणून फसतो. एकनाथाचे तसे नाही. त्याला वाचता येते, विचार करता येतो, व्यवस्थेवर बोलता येते. तरीही कर्जाच्या प्रश्नावर त्याच्या शिक्षणाचा काडीचा उपयोग होत नाही. देशमुखांनी हे वास्तव अचूक टिपले आहे, आणि त्याचा दोष कादंबरीपेक्षा आपल्या अभ्यासक्रमाकडे अधिक जातो. पदव्युत्तर पदवीपर्यंत शिकलेल्या माणसाला आपल्या घरातील कोणती वस्तू जप्त होऊ शकत नाही, हे आपण एकाही तासाला सांगत नाही. (या ओळी लिहिणाऱ्यालाही ते पन्नाशीनंतर समजले, हे कबूल केले पाहिजे.)

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) हा चित्रपट थेट आपल्या भागातील आहे. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपला नवरा किस्नाही त्याच वाटेने जाईल, या भीतीने अलका त्याच्यावर पाळत ठेवते, मुलाला त्याच्या मागे धाडते, त्याला गोडधोड करून घालते. नवऱ्याला मरणापासून राखण्याचे सारे काम एका बाईच्या दोन डोळ्यांवर आले आहे, आणि बँक, कचेरी, कोर्ट यांपैकी कोणीही तिच्या बाजूला उभे नाही. चित्रपटाचे सामर्थ्य या एकटेपणाच्या चित्रणात आहे. परंतु कर्जाचा शेवट मरणाने किंवा पावसानेच होणार, ही त्याचीही गृहीत धरलेली चौकट आहे.

आता जो मार्ग या कथांत नाही, तो प्रत्यक्षात कसा आहे, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. मुंबई शहरासाठी १९०९ चा व उर्वरित महाराष्ट्रासाठी १९२० चा नादारी कायदा आहे. १९२० च्या कायद्यानुसार देणी फेडण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीचे एकूण कर्ज पाचशे रुपये झाले असेल, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यापोटी तिला अटक झाली असेल वा तिच्या मालमत्तेवर जप्ती असेल, तर ती स्वतः अर्ज करू शकते. अर्जाचा अधिकार मुळात जिल्हा न्यायालयाकडे आहे. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. न्यायालय अटकेपासून संरक्षणाचा आदेश देऊ शकते. आणि ठरलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज मंजूर झाला, की बहुतेक जुनी देणी संपतात. शासकीय देणी, फसवणुकीतून निर्माण झालेली देणी व पोटगी मात्र सुटत नाहीत. अर्जापूर्वी जमीन नातेवाइकांच्या नावे करून ठेवणाऱ्याची ही युक्ती चालत नाही. आधीच्या दोन वर्षांतील अशी हस्तांतरणे रद्द होऊ शकतात.

काय वाचते, हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये दिले आहे. अंगावरची वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औजारे, उपजीविकेस लागणारी गुरे व बियाणे, शेतकऱ्याचे राहते घर, आणि धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नये असे दागिने. मंगळसूत्र गहाण पडण्याचा प्रसंग मराठी कथेत किती वेळा आला असेल! सोने स्वखुशीने गहाण टाकणे निराळे आणि जप्ती निराळी, हे खरे; पण जप्तीच्या धाकाने ते सावकाराकडे नेणाऱ्या बाईला हे कलम कोणी वाचून दाखवले असते, तर त्या कथा काहीशा वेगळ्या झाल्या असत्या. तुरुंगाच्या भीतीचेही तेच. प्रामाणिकपणे असमर्थ असलेल्या देणेकऱ्यास केवळ पैसे देता आले नाहीत म्हणून कैदेत टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात १९८० सालीच स्पष्ट केले आहे.

येथे लेखकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. कलम ६० च्या यादीत औजारे आहेत, गुरे आहेत, शेतजमीन नाही. म्हणजे शेतकऱ्याने नादारी पत्करणे याचा अर्थ शेत सोडणे असा होतो, आणि गहाणदाराचा हक्क तर नादारीच्या बाहेरच राहतो. जमीन वाचवण्यासाठीच जो कर्ज काढत आला, त्याला हा मार्ग मार्ग वाटणारच नाही. कृषी सेवा केंद्राची उधारी थकलेला भूमिहीन ठेकेदार, बसलेला किराणा दुकानदार, बचत गटाच्या व सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या हप्त्यांत अडकलेली शिलाईकाम करणारी स्त्री यांच्यासाठी तो अधिक उपयोगाचा आहे. परंतु ही माणसे आपल्या कर्जकथेत नायक म्हणून जवळपास नाहीतच.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हे सारे बदलावे, अशी अपेक्षा होती. तिच्या तिसऱ्या भागात लहान कर्जदारांसाठी 'नवी सुरुवात' नावाची प्रक्रिया आहे. वार्षिक उत्पन्न साठ हजारांपेक्षा जास्त नको, मालमत्ता वीस हजारांपेक्षा जास्त नको, संबंधित कर्ज पस्तीस हजारांपेक्षा जास्त नको. आणि स्वतःचे राहते घर नको, मग ते गहाण असो वा नसो. शेवटची अट वाचताना मसुदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे भाड्याच्या खोलीत राहणारा शहरी गरीब असावा, असे वाटते. आपल्याकडे गावठाणात कुडाचे का होईना, घर असते. दिग्रस तालुक्यातील दरिद्री माणूस त्या घरापायीच अपात्र ठरेल. असो. हा वाद तूर्त तात्त्विक आहे, कारण १ डिसेंबर २०१९ पासून हा भाग फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू करण्यात आला. सामान्य माणसासाठी १९०९ व १९२० चे कायदेच चालू असल्याचे केंद्र शासनाने २०१७ साली स्पष्ट केले होते.

नादारीऐवजी आपल्याकडे रुजली ती कर्जमाफी. १९७५ च्या महाराष्ट्र ऋणमुक्ती कायद्याने लहान शेतकरी, शेतमजूर व कारागीर यांची सावकारी देणी रद्द केली, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. २००८ ची केंद्राची योजना, २०१७ व २०१९ च्या राज्याच्या योजना बँकांच्या कर्जापुरत्या होत्या. माफी गुन्ह्याची असते, म्हणून शेतकरी संघटनेने 'कर्जमुक्ती' या शब्दाचा आग्रह धरला. २०१९ च्या योजनेच्या नावात तो शब्द आला. आग्रह योग्यच होता. तरीही माफी काय किंवा मुक्ती काय, ती केव्हा व किती हे देणारा ठरवतो. इंद्रायणीच्या काठी तुकोबा उभे होते, तेथे आता मंत्रिमंडळ उभे आहे एवढाच फरक. नादारीचा अर्ज कर्जदार स्वतःच्या सहीने, स्वतःला गरज पडेल त्या दिवशी करतो, आणि माझ्या मते कायद्यातील बाकी सर्व उणिवांपेक्षा ही गोष्ट अधिक मोलाची आहे.

याच्या उलट बाजूस एक व्यवस्था आहे, तिचा उल्लेख टाळता येत नाही. शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर कर्ज कोणाचे होते, थकले होते का, वसुलीचा तगादा होता का, याची चौकशी होऊन जिल्हास्तरीय समिती प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते, आणि पात्र ठरल्यास कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. हेच प्रश्न नादारीच्या अर्जात न्यायालय जिवंत माणसाला विचारते.

प्राध्यापकवर्गाने हा विषय परका मानण्याचे कारण नाही. पतसंस्थेच्या कर्जाला सहकाऱ्यासाठी जामीन राहिलेला शिक्षक प्रत्येक स्टाफरूममध्ये असतो. मूळ कर्जदार नादार ठरून मुक्त झाला, तरी जामीनदार मुक्त होत नाही. आणि सहकारी संस्थेला पगारातून कपातीचे संमतिपत्र दिले असेल, तर महिन्याच्या महिन्याला रक्कम वळती होत राहते. परिचयातील एका शिक्षकाने सही करताना कागद वाचला नव्हता. 'सगळेच करतात' एवढेच त्यांचे म्हणणे होते.

राहिला प्रश्न वकिलाचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करून विनामूल्य वकील मागता येतो. लोकअदालतीची बँकेची नोटीस आली, तर हप्ते कबूल करण्यापूर्वी असा सल्ला घेणे आवश्यक आहे, कारण तेथील निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो व त्यावर अपील नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अवर्षण वा पुरासारख्या आपत्तीत सापडलेली व्यक्ती, आणि कोणतीही स्त्री यांना या मदतीसाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. 'गाभ्रीचा पाऊस'मधील अलकाला उत्पन्नाचा दाखलादेखील जोडावा लागला नसता.