मुद्दुपळनीची संपादिका

ओरत्तनाडला येणाऱ्या मराठी माणसाची पावले प्रथम मुक्तांबाळ छत्राकडे वळावीत, हे स्वाभाविकच आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) आपल्या प्रिय मुक्तांबाळेच्या नावाने ते उभारले. विवाहबंधनाबाहेरील स्त्रीचे नाव राजाने एवढ्या मोठ्या धर्मकार्याला द्यावे, हे त्या काळी लहानसहान नव्हे. तथापि तिच्या मनीचे छत्र काहीच सांगत नाही. दिसते ते राजाचे प्रेम आणि राजाचे औदार्य.

याच भोसल्यांच्या दरबारातील दुसरी एक स्त्री स्वतःचे शब्द मागे ठेवून गेली. प्रतापसिंहराजांच्या (१७३९–१७६३) आश्रयास असलेल्या मुद्दुपळनीने तेलुगूत ‘राधिकासांत्वनमु’ हे काव्य रचले. स्वतः वाढविलेल्या इळेला राधा कृष्णाच्या हाती देते. पुढे तीच विरहाने व मत्सराने पोळते आणि कृष्णाला तिची समजूत घालावी लागते. शृंगारकाव्ये आपणांकडेही उदंड आहेत; परंतु आपल्याच हाताने सवत घडविणाऱ्या वयस्क स्त्रीचे दुःख येथे ज्या अधिकाराने येते, तो अधिकार निराळा होय.

ह्या काव्याची पुढे जी अवस्था झाली ती उद्वेगजनक आहे. १८८७ च्या मुद्रित आवृत्तीतून काही पद्ये व कवयित्रीने आपली परंपरा सांगितलेला भागही वगळण्यात आला. आजी तंजनायकीचे नाव गाळल्याने कोणती अश्लीलता दूर झाली असेल? वीरेशलिंगम् पंतुलूंसारख्या स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्यानेही कवयित्रीवर कठोर शब्दांत टीका केली.

हा अन्याय जिच्या ध्यानी आला ती बेंगळूरची नागरत्नम्मा (१८७८–१९५२). नंजनगूड येथे देवदासीच्या पोटी जन्मलेली, संस्कृत व संगीत शिकलेली ही गायिका म्हैसूर संस्थान सोडून मद्रासेस स्थायिक झाली. मैफलींनी तिला कीर्ती दिली, ग्रामोफोनच्या तबकड्यांनी तिचा आवाज दूरवर नेला. अशा यशस्वी गायिकेला हस्तलिखित मिळवून पाठ जुळविण्याची यातायात करण्याचे कारण नव्हते. ती तिने केली, आणि १९१० मध्ये वाविळ्ल यांच्याकडून काव्य समग्र प्रसिद्ध झाले.

तिच्या प्रस्तावनेत दोन युक्तिवाद आहेत. एक रसिकाचा: काव्य पुनःपुन्हा वाचावेसे वाटते. दुसरा न्यायाचा: पुरुष कवींच्या उघड शृंगाराला मान आणि स्त्रीला तेवढी लाज, हे कसे? माझ्या मते दुसऱ्याच्या तेजात पहिला झाकोळला, आणि पुढे सरकारने त्याला पुरताच बुडविले. १९११ साली ग्रंथावर आलेली बंदी टंगुटूरी प्रकाशम् यांच्यामुळे स्वातंत्र्याच्या सुमारास उठली. तोवर काव्य ‘बंदी आलेले पुस्तक’ म्हणूनच परिचित झाले होते. रसग्रहण राहूनच गेले.

नागरत्नम्मेचे नाव आज घेतले जाते ते मात्र तिरुवैयारूसाठी. स्वतःचा पैसा खर्चून तिने त्यागराजांच्या पडक्या समाधीवर मंदिर बांधविले. १९२६ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. आराधनोत्सवात स्त्रियांना गायला मज्जाव होता, तेव्हा तिने स्त्रियांचा वेगळा पक्ष उभा करून समाधीच्या मागील बाजूस त्यांचे गायन सुरू केले. १९४० च्या सुमारास सर्व पक्ष एक झाले, स्त्रियांचे गाणे उत्सवात रुजू झाले. समाधीसमोर आज तिची मूर्ती हात जोडून बसलेली आहे. भक्त म्हणून ती सर्वांना सोयीची आहे. संपादिका म्हणून नाही.

देवदासीप्रथेविरुद्धच्या कायद्याला तिने विरोध केला, यावरून सुधारकांचा तिच्यावर रोष असे. प्रथेतील शोषणाकडे तिने पुरेसे पाहिले नाही, हा आक्षेप मलाही रास्त वाटतो. परंतु प्रथेबरोबर त्या स्त्रियांची विद्याही कलंकित ठरविली जात आहे, हे तिला डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डींपेक्षा अधिक कळले होते. मुद्दुपळनीच्या बाबतीत ते तिने प्रत्यक्ष पाहिलेच होते.

तंजावरच्या मराठ्यांविषयी लिहिताना आपण सरस्वती महाल, सरफोजीराजे आणि शिलालेख यांवर पाने भरतो. मुद्दुपळनी मात्र तेलुगूची म्हणून सोडून देतो. आश्रय मराठ्यांचा होता, तेव्हा हे सोडणे मला मान्य नाही. आंध्रात नेमणुकीवर असलेल्या, तेलुगू वाचणाऱ्या एखाद्या वाचकाने या काव्याचा एक सर्ग जरी मराठीत उतरवला, तर प्रारंभी तंजनायकीचे नाव तेवढे गाळू नये.