गार्गान्टुआची अंधारी बाजू

'इंटरस्टेलर' पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. नोव्हेंबर २०१४. होस्टेलवरची आम्ही आठ पोरं थिएटरातून बाहेर आलो आणि रात्री तीनपर्यंत चहाच्या टपरीवर एकमेकांना कृष्णविवर समजावत बसलो. कोणालाच काही कळलेलं नव्हतं, पण समजावत सगळेच होते. २०२५ च्या फेब्रुवारीत तो आयमॅक्सला पुन्हा लागला, तेव्हा आईला घेऊन गेलो. आईने तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर हिशेब जुळवलेत. बाहेर पडताना तिने एकच विचारलं, "तो आत पडला, मग त्याचे तुकडे कसे नाही झाले? तू तर म्हणाला होतास शेवया होतात."

म्हणालो होतो खरं. रील बघून म्हणालो होतो.

कृष्णविवराबद्दल आपल्यापर्यंत जे पोचतं ते बहुतेक असंच असतं: सगळं गिळणारा राक्षस, अंतराळातला व्हॅक्यूम क्लीनर, जवळ गेलात की संपलात. आपला मराठी शब्दही याला हातभार लावतो. 'विवर' म्हटलं की डोळ्यांसमोर बीळ येतं, आणि बिळात काहीतरी पडायलाच हवं. पण उद्या सूर्याच्या जागी त्याच वस्तुमानाचं कृष्णविवर आणून ठेवलं (त्याची त्रिज्या जेमतेम तीन किलोमीटर भरेल), तर पृथ्वी आज फिरते तशीच फिरत राहील. आपण थंडीने गारठून मरू, ओढले जाऊन नाही. या बाबतीत नोलनचा सिनेमा बहुतेक लोकप्रिय पुस्तकांपेक्षा प्रामाणिक आहे. त्यात ग्रह कृष्णविवराभोवती निमूटपणे फिरतात, त्यांना कोणी गिळत नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही सिनेमाच्या बाजूने जातं. शेवया होतात त्या पायांवरची ओढ डोक्यावरच्या ओढीपेक्षा जास्त असते म्हणून. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचं कृष्णविवर घेतलं, तर त्याच्या क्षितिजाशी हा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण दोन कोटी पट येतो. घरी येऊन कॅल्क्युलेटरवर मांडून पाहिलं. पण सिनेमातलं गार्गान्टुआ दहा कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं आहे. सूर्याच्या जागी ठेवलं तर त्याचं क्षितिज पृथ्वीच्या कक्षेच्या आसपास येईल. एवढा मोठा घेर असला की डोकं आणि पाय यांतलं अंतर नगण्य ठरतं, आणि क्षितिज ओलांडताना माणसाला ताण जाणवतही नाही. म्हणजे विवर जितकं मोठं तितका त्याचा उंबरठा सौम्य. शेवया होतात, पण नंतर, आत. आईला हे पटलं. मला मात्र एवढं साधं गणित करायला अकरा वर्षं लागली, याची लाज वाटली.

तर सिनेमाची बाजू घेऊन झाली. आता तक्रार.

मिलरच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. काळ साधारण एकसष्ट हजार पटींनी मंदावलेला. ही अट नोलनची. सल्लागार किप थॉर्न यांना आधी ती अशक्य वाटली होती, मग त्यांनी गणित केलं आणि निघालं की विवर कमाल मर्यादेच्या अगदी काठावर, कल्पनेपलीकडच्या वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर जमतं. ठीक. पण इतक्या वेगाने फिरणाऱ्या विवराची सावली एका बाजूने चपटी दिसते. ते प्रेक्षकाला विचित्र वाटेल म्हणून पडद्यावरच्या चित्रासाठी फिरकी कमी केली, कमाल मर्यादेच्या ०.६ पट. म्हणजे कथेतलं विवर एक आणि पडद्यावरचं दुसरं. आमच्या धंद्यात याला क्लायंटला वेगळा डेमो दाखवणं म्हणतात.

त्याहून मोठी गोष्ट उजेडाची. विवराभोवतीची तप्त तबकडी प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने फिरते. जी बाजू आपल्याकडे येते तिचा उजेड वाढतो आणि निळसर होतो, जी दूर जाते ती लालसर, मंद, जवळजवळ काळी पडते. डबल निगेटिव्ह या स्टुडिओच्या प्रोग्रामरांनी थॉर्न यांच्या समीकरणांवरून जे सॉफ्टवेअर लिहिलं, त्यात हे सगळं होतं. कॅमेऱ्यातून उलट्या दिशेने किरण सोडून, वाकलेल्या अवकाशातून ते कुठे पोचतात याचा माग काढणारा तो कोड. त्यावर २०१५ मध्ये 'क्लासिकल अँड क्वांटम ग्रॅव्हिटी' या नियतकालिकात शोधनिबंध आला, आणि त्यात दोन्ही चित्रं आहेत: भौतिकीप्रमाणे एकीकडे झगझगीत, दुसरीकडे विझत गेलेलं, आणि सिनेमातलं, दोन्हीकडे सारखं सोनेरी. प्रेक्षक गोंधळेल म्हणून पहिलं वगळलं गेलं.

हे वाचून मला खरंच राग आला. ही प्रेक्षकाला न कळणारी गोष्ट नव्हतीच. १९७९ साली ज्याँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञाने पंचकार्डं वापरून आयबीएम ७०४० वर गणित केलं आणि प्रिंटर नव्हता म्हणून शाईने एकेक ठिपका हाताने काढून कृष्णविवराचं चित्र तयार केलं. त्यात एक बाजू उजळ आहे, दुसरी अंधारी. पस्तीस वर्षांनी, जिथे एकेका फ्रेमला कधी शंभर तास लागत होते तिथे, त्या अंधाऱ्या बाजूवर रंग फासला गेला.

आणि १० एप्रिल २०१९ ला एम८७ आकाशगंगेतल्या विवराची पहिली प्रतिमा आली. साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर, साडेसहाशे कोटी सूर्यांचं वस्तुमान. आमच्या ग्रुपवर पहिल्या दहा मिनिटांत तिचा मेदूवडा झाला. (नारिंगी रंग आपण दिलेला. दुर्बिणींनी टिपल्या होत्या १.३ मिलिमीटरच्या रेडिओलहरी.) पण बघा, त्या वड्याची खालची बाजू जास्त उजळ आहे, त्याच कारणाने. कोणी तक्रार केली नाही. एक बाजू जास्त तळली गेलीय, एवढंच म्हणून लोक पुढे गेले, आणि ज्यांना प्रश्न पडला त्यांनी कारण शोधलं. मीही त्यातलाच. ल्युमिनेचं नाव मला त्याच रात्री कळलं.

शेवटी टेसरॅक्ट. कूपर विवरात पडतो आणि मुलीच्या पुस्तकांच्या कपाटामागे पोचतो. आत काय होतं ते कोणी पाहिलेलं नाही, तेव्हा कल्पनेला मुभा आहे, मान्य. पण साध्या, न फिरणाऱ्या विवराबद्दल समीकरणं जे सांगतात ते त्या कपाटापेक्षा कितीतरी भयंकर आहे. क्षितिजाच्या आत केंद्र ही 'जागा' उरतच नाही. तो तुमचा उद्या होतो. जागा टाळता येते, वळसा घालता येतो. उद्याला वळसा नाही. इंजिन कितीही जोरात उलटं चालवा, तो येणारच.

आणि बाहेर राहिलेल्याला यातलं काहीच दिसत नाही. अमेलिया ब्रँड दूर थांबून बघत राहिली असती, तर तिला कूपर क्षितिज ओलांडताना कधीच दिसला नसता. तो हळू होत गेला असता, मग लाल, मग मंद, मग कुठल्याच दुर्बिणीला न दिसण्याइतका फिका. गेला तो नेमका क्षण कुठला, हे तिच्या घड्याळावर कधी उमटलंच नसतं. ज्या सिनेमाने तेवीस वर्षांचे व्हिडिओ संदेश एका बैठकीत दाखवून मला दोन्ही वेळा रडवलं, त्याच्या हाताशी हा निरोप आयता होता, शंभर टक्के भौतिकीतला. त्याऐवजी आपल्याला कपाट मिळालं आणि प्रेमाच्या मितीवर एक भाषण.

घरी पोचेपर्यंत मी आईला हे सगळं सांगत होतो. ती खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तिला तो गेलेला दिसणारच नाही?"

"नाही."

"मग तिने वाट बघणं थांबवायचं कधी?"

मी रिक्षाचे पैसे देत होतो. सुट्टे नव्हते.